वायरमनच्या फारमावरची सही

दुर्गाघाट, काशी
१२ नोव्हेंबर २०१८

ती. बाबा,

नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं इंदूरहून श्रीनिवासदादाने कळवलं. आता हे पत्र स्वतःच वाचा, त्याच्याकडून वाचून घेऊ नका. आई मजेत आहे. थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, आपली मलइयो, सुरू झाली. तुमच्या वाटणीची मीच खाते.

आनंदाची बातमी! मी वायरमनच्या लायसन्सची परीक्षा पास झाले. रामनगरच्या सेंटरवर बारा जण होते, त्यात बाई मी एकटीच. हो, सहा महिने ‘इंग्रजीच्या क्लासला’ जायचे, तो क्लास हाच. बायकांची शिकवणी, परीक्षा, लायसन्स, सगळा खर्च सरकार देतं.

परीक्षेत एक तयार बोर्ड दिला होता. बटण दाबलं की दिवा लागायचा. बाकी सगळे म्हणाले, ठीक आहे. मी मागून उघडलं तर अर्थिंगची तार नुसती खोचलेली, जोडलेली कुठेच नाही! परीक्षक खूश. मीही खूश. पण परतताना नावेत मला माझाच परीक्षेचा फारम आठवला.

त्यावर कुटुंबप्रमुखाची सही लागत होती. होळीला मी विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “पाठशाळेच्या गुरुजींची मुलगी शिडीवर चढणार?” मग तुमची सही मीच ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी लायसन्सच्या ऑफिसात जाऊन सांगून टाकलं. तिथले हेडक्लार्क, बडे बाबू, चष्म्यावरून बघतच राहिले.

“झूठे दस्तखत से बिजली जोड़ोगी?”

“नहीं जोड़ूँगी, इसीलिए तो बताने आयी हूँ.”

ते हसले. म्हणाले, महिनाअखेर नव्या फारमावर खरी सही आणा, नाहीतर सरकारी मदतही गेली आणि लायसन्सही.

फारम सोबत आहे. रागवा, पण उत्तर द्या.

तुमची अपराधी, पण पास झालेली,
बकुळ


इंदूर
१८ नोव्हेंबर

चि. बकुळ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. खोटी सही केलीस, वाईट केलंस. स्वतः जाऊन कबूल केलंस, ते बरं केलंस.

होळीला बोललो ते लाजेपोटी नव्हे. तू पडशील, याची भीती वाटली. ती सांगता आली नाही, म्हणून गुरुजीपणा मधे घातला.

सही करून फारम पाठवतो आहे.

काल डॉक्टरांनी विचारलं, मुलगी काय करते? मी म्हटलं, वायरमन आहे. ते म्हणाले, मुलगा ना? मी म्हटलं, मुलगी. मग श्रीनिवासने मला ओढून बाहेर काढेपर्यंत त्यांना तुझ्या परीक्षेची सगळी हकीकत सांगितली.

बकुळ वायरमनचा बाप,
नीलकंठ