दुसरीची ओळ

प्रिय छकुले,

फोन हातात घेतला आणि परत ठेवला. हे फोनवर धड सांगून झालं नसतं, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून शिलाई मशीनवरच कागद ठेवला आहे. त्या दिवशी तू जे बोललीस त्याचा राग मनात नाही. त्याकडे येतेच, पण आधी आईचं ऐक.

मागच्या आठवड्यात एक मुलगी घरी आली होती. बायकांची जुनी गाणी रेकॉर्ड करत हिंडते. गल्लीतल्या कुणीतरी तिला आईकडे पाठवलं. आईनं आधी आढेवेढे घेतले. म्हणाली, "माझा गळा म्हणजे फुटका माठ, तुझं मशीन बिघडायचं." पण एकदा सुरू झाली ती थांबेचना. मी बाजूला बसून बाह्या जोडत होते. लहानपणी आपण ही गाणी किती खिदळत म्हणायचो गं! आता शब्द कानावर पडले आणि सुई बोटात गेली. गाण्यात लेक जन्मली की कुणी दार लोटून घेतं, कुणी तोंड फिरवतं, बाप न बोलता कामाला निघून जातो. चाल मात्र अशी लाडिक, की पाळण्यातलं पोर हसावं. ती मुलगी म्हणाली, सगळीकडे असंच ऐकायला मिळतं; बायकांना जे उघड बोलायची सोय नव्हती, ते त्यांनी चालीत घालून ठेवलं.

मग आईनं आपलं मोजायचं गाणं धरलं. आठवतं ना? 'पहिली आली लेक, तिला उंबऱ्याशी जागा, बाप म्हणे असू दे, आता भावाची वाट बघा.' यानंतर आई नुसती गुणगुणायची आणि एकदम तिसरीवर जायची. 'तिसरी आली लेक, तिला पदराची घडी, माय बसली जागी, सोडीना एक घडी.' आपण टाळ्या पिटायचो, आईला मोजता येत नाही, आईला मोजता येत नाही! तीही हसायची. निदान मला तरी ते हसूच वाटायचं.

त्या मुलीनं साहजिकच विचारलं, "आजी, मधली ओळ?" आई नेहमीसारखी नुसती गुणगुणली. मला वाटलं, विसरली. आणि मग तिनं ती ओळ गायली, अगदी स्वच्छ आवाजात. 'दुसरी आली लेक, तिला गार भुईची गादी, माय गाते मोठ्यानं, रडं ऐकू येण्याआधी.'

छकुले, आपल्या दोघींच्या मध्ये एक होती. कडाक्याच्या थंडीत झाली. बाबा कामासाठी परगावी होते. आपल्या आजीनं, बाबांच्या आईनं, तिला पुसलंसुद्धा नाही, तशीच मागच्या दाराशी फरशीवर ठेवली आणि आईला बजावलं, "उठायचं नाही." आई बाळंतीण, अंगात त्राण नाही. उन्हं कलेपर्यंत पोर रडत होती. आई म्हणाली, "लोकांना वाटतं मी तिला निजवायला गात होते. मला ऐकू येऊ नये म्हणून गात होते." बाबा परतले तेव्हा त्यांना सांगितलं, जगली नाही. ते खोटंही नव्हतं.

मुलीनं मशीन बंद करायला हात पुढे केला, तर आईनं तो धरला. "राहू दे चालू. तेवढ्याचसाठी तर आलीस." मग म्हणाली, गाणं आजीचं, पहिल्या दोन ओळीच तिनं शिकवल्या होत्या. तिसरीची ओळ आईनं स्वतः रचली, तू झालीस तेव्हा. आजी ते गाणं कुणाच्या वेळी शिकली असेल, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तेव्हापासून मागच्या दाराच्या फरशीवर माझा पाय ठरत नाही.

आता तुझं बोलणं. तुला मुलगी झाली, तू आईला बोलावलंस आणि तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. तू म्हणालीस, नातू असता तर धावत आली असती. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. काल मी आईला स्पष्ट विचारलं. म्हणाली, "ती रडली आणि माझ्या तोंडून गाणं निघालं तर?" तिला आपल्या गळ्याची भीती वाटते गं. रात्रभर तळमळली. सकाळी चहा न घेताच माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "धाकटीला लिही, मला एकदा येऊ दे. पोर रडली की मी उचलून घेईन म्हणावं. कुणाला विचारणार नाही."

हो म्हण.

तुझीच,
ताई