हिरव्या फाटकाच्या घरातली भिंत

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हाताला आलेले फोड बसले, आता तिथे घट्टे पडायला लागलेत. आईला सांगू नका, नाहीतर ती मलमाची डबी घेऊन इथे येऊन धडकेल. प्रशिक्षण केंद्राचं वसतिगृह बरं आहे. खोलीत आम्ही तिघी आणि तिघींच्या बुटांची माती. ऑफिसची खुर्ची सोडून मी चिखल तुडवायला आले हे तुम्हाला अजून पटलेलं नाही, ठाऊक आहे. पण इथे नुसतं बांधायला शिकवत नाहीत. कमी विजेत घर गार आणि उबदार कसं राहील, जुनं घर न पाडता पुन्हा राहण्याजोगं कसं करायचं, हे शिकवतात. मास्तर माती, चुना, पेंढा यांवर बोलायला लागले की थांबत नाहीत. तेव्हा तुमची फार आठवण येते.

आता खरी बातमी. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाला एका जुन्या घरातली ओल आलेली खोली मिळते. भिंत उघडायची, ओलीचं कारण लिहायचं, ते घरमालकांसमोर वाचायचं आणि मग खोली दुरुस्त करायची. जमलं तर प्रमाणपत्र. मी चिठ्ठी उचलली आणि मला कोणतं घर यावं? चढावरचं, हिरव्या फाटकाचं, नर्सबाईंचं! पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही या गावात येऊन गिलावा केलात ते. जेवताना जिचं कौतुक ऐकून आमचे कान किटले, तीच भिंत. सोमवारी उघडणार आहोत. तुमचा ओळंबा तपासणार आहे, तयारीत राहा. मी कुणाची मुलगी ते नर्सबाईंना आणि मास्तरांना काम झाल्यावरच सांगेन, म्हणजे तुमचीही शान वाढेल.

आईला सा. न. गुडघ्याला शेक देत जा. तुमचा लोभ आहे, तो असाच राहू द्या.

तुमची,
कारकूनबाई

९ फेब्रुवारी

चि. कारकूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या भिंतीचं केलंत त्याच्या निम्मं कौतुक माझ्या स्वयंपाकाचं केलं असतंत तर बरं झालं असतं. डबीचं तिला कळलं आहेच. तुझी आई आहे ती.

त्या खोलीचं तुला नीट सांगतो. भिंत मातीची, आत लाकडी तुळई. नर्सबाईंनी एकच थर सांगितला होता. तेव्हा त्या एकट्या, दवाखान्यातून थकून यायच्या. म्हटलं, बाईंना पुन्हा त्रास नको. मी सिमेंटचे दोन थर दिले, त्यात पाणी अडवणारं औषध मिसळलं आणि आठ दिवस जास्त राहून रोज पाणी मारलं. अंगावर घेऊन केलं ते काम. केसाएवढी भेग सापडली तर मला कळव, थापी खाली ठेवून देईन. दाराआड, अगदी तळाशी, थापीच्या टोकाने केलेले तीन ठिपके दिसतील. आयुष्यात तेवढ्या एकाच घरात मी माझी खूण ठेवली.

ओल असलीच तर छपरातून आली असणार. पन्हळ बघा. चांगली भिंत उगीच फोडू नका, असं तुझ्या मास्तरांना माझ्या वतीने सांग. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझे बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच भिंत उघडली होती. भेग एकही नव्हती. गिलावा इतका पक्का की छिन्नीच परत यायची. मोठा तुकडा निघाला आणि मागची माती चिखलासारखी खाली आली. तुळईच्या टोकाला बोट लावलं तर ते ओल्या पावात जावं तसं आत गेलं. छप्पर कोरडं आहे, पन्हळही धड आहे. मातीची भिंत जमिनीतलं पाणी थोडं ओढते आणि हवेत सोडून देते. वरच्या सिमेंटने तिला ते सोडूच दिलं नाही.

मास्तरांनी तो तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, गवंडी फार मन लावून काम करणारा असणार, कामचुकार असता तर गिलावा तडकला असता आणि भिंत वाचली असती. सगळे हसले. मीही हसले, बाबा. त्याची मला फार लाज वाटते.

नर्सबाईंना दहा-बारा वर्षं धाप लागते. डॉक्टरांनी खोलीत ओल आहे का विचारलं होतं. पण भिंतीला साधी भेग नाही, मग दोष तिचा कसा, म्हणून त्या तिथेच झोपत राहिल्या. आता खाट स्वयंपाकघरात हलवली आहे. मला रोज चहा देतात आणि त्या गवंड्याचं अजून चांगलंच बोलतात.

पुढच्या शुक्रवारी कारण वाचायचं आहे. मला ते त्यांच्यासमोर वाचवत नाही. दुसरं घर मागितलं तर मास्तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबा म्हणतात. म्हणून लिहून ठेवलंय की त्या काळी हे कुणालाच माहीत नव्हतं, गवंड्याकडून नकळत झालं. ते खरंही आहे. तुम्ही हो म्हणालात तर एवढंच वाचेन. तीन ठिपक्यांचा कोपरा मी अजून फोडू दिलेला नाही.

रागावू नका. लोभ असू द्या.

तुमची,
कारकूनबाई

१ मार्च

चि. गवंडीणबाईस,
अ. उ. आ.

पत्र आल्यावर दोन दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी आईने समोर कागद आणून ठेवला आणि निघून गेली.

तुझं ते वाक्य खोड. त्या कामाच्या पुढच्याच वर्षी नर्सबाईंनी मला बोलावलं होतं. भिंत हाताला ओली लागते म्हणाल्या. मी हात लावून पाहिला. ओली होती. नव्या गिलाव्याला सुटतोच घाम, जाईल, असं सांगितलं, वरून रंगाचा हात मारला आणि निघून आलो. बसमध्ये तळहात सारखा पुसत होतो. दोन थर देताना मला माहीत नव्हतं, हे खरं. पण हात लावला तेव्हा कळलं होतं. माझ्या सगळ्यात चांगल्या कामात खोट निघाली हे मला कबूल करवेना. जेवताना त्या भिंतीची गोष्ट मी तुम्हाला इतक्यांदा का सांगितली, ते आता तुला कळेल.

तर असं लिही, की गवंड्याला वेळेवर सांगितलं होतं आणि त्याने भिंत उघडली नाही. हेच वाच. नाव विचारलं तर माझं सांग. घाबरू नकोस, त्या वेळी मी खोलीत असेन.

गुरुवारी सकाळच्या बसने येतो. लहान हातोडी घेतली आहे. तो कोपरा तसाच ठेव, तो मी नर्सबाईंसमोर फोडेन आणि त्यांना जे सांगायचं ते माझ्या तोंडाने सांगेन. त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं तर तोही त्यांचा हक्क आहे. राहू दिलं तर तू मातीचा गिलावा कर, मी खाली बसून घमेली भरून देईन. कसं मळायचं ते दाखव. चुकलो तर ओरड, मी तुझ्यावर कमी ओरडलो नाही.

या पत्राला उत्तर नको, फाटकाशी उभी राहा. मोठ्यांनी धाकट्यांकडे लोभ मागायची पद्धत नाही. मी मागतो आहे. लोभ असू दे.

तुझे बाबा