दारावरचा कागद

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून नवं सत्र. 'प्रगत टायपोग्राफी'. विद्यार्थी नऊ. मागच्या वर्षी चौदा होते. लोकांची आवड घसरत चालली आहे, त्याला मी काय करणार?

संकल्प. रोज चालायला जाणे. सिगारेटी दोनच. आणि नेवेनाचा वर्षाचा कागद मी स्वतः करणार, वेळेत करणार. २१ मेला तिला जाऊन वर्ष होईल. हातात तेरा आठवडे आहेत. एका पानाला तेरा आठवडे म्हणजे चैनच आहे.

संध्याकाळी.
पहिलं लेक्चर उत्तम झालं. नेहमीप्रमाणे पाटी रंगवणाऱ्यांपासून सुरुवात केली. नवशिका पहिली अक्षरं ऐसपैस काढतो, शेवटच्याला जागा उरत नाही, मग ते बिचारं कडेला अंग चोरून उभं राहतं. म्हटलं, हात उचलण्याआधी शेवटचं अक्षर बघा. सगळ्यांनी लिहून घेतलं. एकानं जांभई दिली, पण तोंडावर हात ठेवून. आदर आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
सत्राचा प्रकल्प जाहीर केला: मृत्यूचा कागद. सोफियात माणूस गेलं की त्याचा एक कागद निघतो. फोटो, नाव, वय, चार ओळी, खाली शोकाकुल मंडळी. इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, झाडावर. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. सगळ्या शहराच्या भिंती अशा कागदांनी भरल्यात आणि एकाचाही समास धड नाही. एवढा मोठा विषय आजवर कुणी शिकवला नाही याचंच नवल. यात वैयक्तिक काही नाही.

बिल्याना म्हणून एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. पहाटे बेकरीत काम करून येते, बाहीला पीठ असतं. ती म्हणाली, सर, आजीला कळलं तर ती मला घराबाहेर काढेल, जिवंत माणसांच्या घरात असले कागद करतात का म्हणून. मी म्हटलं, नावं काल्पनिक घ्या. नमुना म्हणून मीही एक करणार आहे. कुठलंही साधं नाव घेऊ. समजा, नेवेना.
सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. म्हणजे माहीत आहे सगळ्यांना. विद्यापीठात दुसरे उद्योग नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार.
स्तांकाकडे जेवायला. घेवड्याचं सूप. स्तांका नेवेनाची थोरली बहीण. तीस वर्षं ट्राम चालवली, अजून तशीच बोलते, मधे कुणी चढू शकत नाही.

म्हणाली, इस्पितळासमोरच्या दुकानात चार मिनिटांत होतो कागद, मी करून आणते. मी ठाम नकार दिला. गेल्या वर्षी तिनंच आणला होता. नाव पोळी लाटल्यासारखं आडवं ताणलेलं, शेजारी मेणबत्तीचं चित्र, फोटो ओळखपत्रावरचा. अजून दारावर आहे, उन्हानं पिवळा पडलाय. त्यावर ती म्हणाली, बायको गेली त्या दिवशी तू फुटपट्टी घेऊन दारात समास मोजत होतास, ल्युबेन. सगळ्या इमारतीनं बघितलं. मी समजावलं की पट्टी माझ्या खिशात नेहमीच असते. म्हणाली, आणि नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांचा करणार होतास, त्याचं काय झालं? ती तांत्रिक अडचण होती. ती म्हणाली, क्रुसावर ब्रशनं नाव मी लिहिलं, कबरीवर दगड अजून बसला नाही, कारण काय तर अक्षरं तू काढणार. मी म्हटलं, दगड जूनमध्ये, कागद २१ मेला, शब्द देतो. ती म्हणाली, बघू या बाबा, बोलाचीच कढी.
सूप मात्र चांगलं होतं. नेवेना पुदिना जास्त घालायची.

१ मार्च, शनिवार.
वसंताचा लाल-पांढरा दोरा यंदा मनगटावर कुणी बांधला नाही. विद्यार्थ्यांना सुचलं असतं तरी मी नको म्हटलं असतं.
चालायला गेलो नाही. थंडी.

१२ मार्च.
फॉन्टचा शोध पूर्ण. एकूण एक्केचाळीस तपासले. सगळे बाद. एक फार आनंदी. एक बँकेचा. एक तर चांगला होता, नेवेनाला शोभला असता, पण तो दह्याच्या डब्यावर असतो. तिला दही आवडायचं हे खरं, तरी नाही.

निर्णय: अक्षरं स्वतःच काढणार. सबंध वर्णमाला लागत नाही. आमच्या लिपीत तिच्या नावाची अक्षरं सहाच. आठवड्याचं काम.

२७ मार्च.
अक्षरं झाली. फार सुंदर. आता मधल्या जागा. सहा अक्षरं म्हणजे पाच फटी. दोन झाल्या. विद्यार्थ्यांना हे दाखवायला हवं, एवढी चिकाटी त्यांनी बघितलेली नाही.
सिगारेटी सहा. अक्षरास एक धरली तर जास्त नाहीत.

९ एप्रिल, बुधवार.
प्रकल्प जमा झाले. आठ वेळेवर. एकानं कुत्र्याचा केलाय. बिल्याना दोन दिवस उशिरा. सहापैकी साडेचार दिले. उशीर म्हणजे उशीर. मेलेला माणूस थांबतो, पण नातेवाइकांना थांबवून चालत नाही, असं सांगितलं. वाक्य चांगलं झालं.

शेवटी तिनं आजोबांचाच केला, ते खरोखरच गेलेले आहेत. नेहमीचं 'तुझी आठवण सदैव' वगैरे न लिहिता तिनं लिहिलं होतं, 'नोव्हेंबरपर्यंत कपाटावर टोमॅटो पिकवायचे आणि पहिला मला द्यायचे.' मी म्हटलं, मजकूर हा आपला विषय नव्हे. ती म्हणाली, सर, मग तुमच्या नमुन्यात काय लिहिणार? म्हटलं, नेहमीचंच. ती म्हणाली, बघायला मिळेल का? म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे.
तिसरी फट झाली.

२० एप्रिल, ईस्टर.
स्तांकानं लाल अंडं पाठवलं. अंड्यावर अंडं आपटून फोडायचं, त्याला समोर कुणी लागतं. तसंच ठेवलं.

सुट्टीचा सदुपयोग म्हणून फोटो शोधायला बसलो. चौतीस वर्षांचे आल्बम. सगळ्यांत मी. मी आणि माझी पोस्टरं, मी आणि छापखाना, मी समुद्रावर टोपी घालून. काढणारी ती. तीन-चार ठिकाणी कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय.

मग २००९च्या माझ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग सापडला. त्यात पान सातवर मी उभा आहे आणि पानाच्या कडेला एक कोपर. ते तिचं. फोटो कुणा पाहुण्यानं काढला होता, ती माझ्या शेजारी, जरा लांब उभी होती. कॅटलॉगची मांडणी मीच केली होती. मीच तिला कापलं. समासासाठी. तिनं पान पाहिलं तेव्हा म्हणाली होती, एवढं कोपर तरी राहिलं म्हणायचं, आणि हसली होती. मीही हसलो होतो.

मूळ फोटो कुठंच नाही. तीन खोल्या उपसल्या.
मला फार वाईट वाटलं. असं लिहायची सवय नाही, पण वाटलं.

८ मे.
अजून तेरा दिवस. घाबरण्यासारखं काही नाही. वेळापत्रक केलं: आकडे दोन दिवस, आडनाव चार, मजकूर एक, छपाई एक, बाकीचे राखीव. वेळापत्रक इतकं नीटनेटकं झालं की वर्गात दाखवण्यासारखं आहे.

१३ मे.
मजकुराचा एक दिवस होता, पाच लागले. 'नेवेना, वय ६१' लिहिलं. पुढे 'गेली' हा शब्द. मोठ्या टाइपात ओरडल्यासारखा होतो, छोट्यात लपवल्यासारखा. मधल्या आकारात तो नुसताच खरा दिसतो. काढून टाकला.

बिल्यानासारखं एखादं वाक्य लिहावं म्हणून बसलो. ती सकाळी काय करायची? कॉफी आणून ठेवायची आणि दार लावून घ्यायची, मला काम करता यावं म्हणून. दाराच्या पलीकडे ती काय करायची ते मला माहीत नाही.
वेळापत्रकात बदल करणे.

१९ मे, सोमवार.
स्तांकाचा फोन. म्हणाली, परवा नेवेनाच्या नावानं वाटायला गहू शिजवतेय, साखर घालून, तू फक्त कागद आण. कागद झालाय ना, ल्युबेन? म्हटलं, छपाईला लागतोय. खोटं नाही, प्रिंटर चालू होता. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. स्तांकानं एका शब्दात फोन संपवल्याचं माझ्या आठवणीत नाही.

२१ मे, बुधवार. सकाळी ६.१०.
कागद निघाला. मधोमध सहा अक्षरं. पाचही फटी बिनचूक. चाळीस वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. बाकी कागद कोरा. फोटो नाही, वय नाही, गेली की आहे ते नाही. हा दारावर लावला तर लोकांना वाटेल मांजर हरवलंय.

७.३०.
खाली गेलो. दारावर नवा कागद लागलेला. स्तांका उजाडायच्या आत लावून गेली असणार. तीच ताणलेली अक्षरं, तीच मेणबत्ती, ओळखपत्राचाच फोटो. चुका चार, मोठ्या. खाली लिहिलंय, 'वर्ष झालं, नेवे. स्वयंपाकघरात अजून तुझ्यासाठी खुर्ची ओढते. तुझी स्तांका. आणि ल्युबेन.'

तळमजल्यावरच्या पेंकाबाई पिशवी घेऊन वाचत उभ्या होत्या. डोळे पुसले. म्हणाल्या, किती गोड दिसतेय बघा प्रोफेसर, रोज दुपारी माझ्याकडे यायची, लोकरीचा गुंडा धरायला. तुम्ही कामात असायचात. मी म्हटलं, फोटो आठ टक्के आडवा ताणला गेलाय. त्यांनी आजारी माणसाच्या बाहीवरून हात फिरवतात तसा हात फिरवला आणि गेल्या.

कब्रस्तानात गेलो नाही. पाय दुखत होता. दुपारी दाराबाहेर वाटीभर गहू ठेवलेला दिसला. घंटा वाजवली नव्हती.

२४ मे, शनिवार.
अक्षरांचा सण. सगळं शहर फुलांची अक्षरं घेऊन रस्त्यावर. म्हटलं तर माझाच सण. खिडकी लावून बसलो होतो.

अकराला बिल्याना आणि आणखी तिघं दारात. शिक्षकाला फुलं द्यायची म्हणून सात पिओनी. मला वाटलं नव्हतं कुणी येईल. बिल्याना म्हणाली, सर, खाली दारावरचा कागद वाचला. खुर्चीचं वाक्य तुमचं का? हो म्हणालो. मग म्हणालो, नाही, मेव्हणीचं. माझ्याकडे वाक्य नव्हतं. ती म्हणाली, असू दे सर, सगळ्यांना लगेच नाही सुचत. तिचे साडेचार खोडून सहा करणार आहे. उशिराबद्दल कुणाचे गुण कापण्याचा मला अधिकार नाही.

मुलं गेल्यावर फुलं मोजली. सात, म्हणजे विषम, जिवंत माणसासाठी. मेलेल्यासाठी जोडीनं न्यायची असतात. एक काढून ग्लासात ठेवलं आणि सहा घेऊन निघालो.

तिची जागा सापडायला वेळ लागला. नोव्हेंबरनंतर गेलो नव्हतो. लाकडी क्रूस आहे, पण स्तांकानं ब्रशनं लिहिलेलं नाव पावसाबर्फानं धुऊन गेलंय. पहिलं अक्षर तेवढं ओळखू येतं. माझ्या अक्षरांची वाट बघत माझी बायको सबंध हिवाळा बिननावाची पडून होती. तिथंच खाली बसलो आणि रडलो. शेजारच्या कबरीवर एक बाई पाणी घालत होती, तिनं पाठ फिरवली.

खिशात वह्या तपासायचा जाड मार्कर होता. पट्टीही होती, ती काढली नाही. नाव लिहिलं. पहिली पाच अक्षरं ऐसपैस आली. सहाव्याला जागा उरली नाही. ते कडेला, अर्ध्या रुंदीत, अंग चोरून उभं राहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही मी यावर नापास केलं असतं.

शाई पक्की आहे, पुसता आली नसती. पुसायचीही नव्हती. बराच वेळ त्या शेवटच्या अक्षराकडे बघत बसलो. त्या फोटोत ती अशीच उभी होती, कडेला, मला जागा करून.