सोलेनसाठी आखलेले दोन दिवस

९ ऑक्टोबर, सोमवार

मोंवालला येऊन आठवडा झाला आणि आज शेवटचं खोकं रिकामं केलं. दोनच खोल्या आहेत, पण खिडकीतून गावाची जुनी तटबंदी दिसते आणि तिच्या पलीकडे उतारावरचे द्राक्षमळे, सध्या तांबूस-पिवळे झालेले. ल्योंमध्ये तीस वर्षं समोरच्या इमारतीची मागची भिंत बघण्यात गेली. नवरा, एतिएन, गेल्यावर तर ते घर खायला उठायचं. इथे माझ्या ओळखीचं कुणी नाही, आणि मला ओळखणारंही कुणी नाही. बरंच आहे.

सोलेनचा फोन आला. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी येते म्हणाली, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. दोनच दिवस आहेत, आई, उगाच घोळ घालू नकोस, असंही बजावलं. मी कसला घोळ घालतेय! बापाच्या अंत्यविधीनंतर लेक पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला येतेय. फोन ठेवल्यावर मी पाहुण्यांच्या पलंगावर चादर घालून ठेवली. अजून महिना आहे, तरी.

१४ ऑक्टोबर

शनिवारचा सगळा बेत आज चालून बघितला. वेशीपाशी बस थांबते, तिथून आधी फिर्मांच्या कॅफेत गरम चॉकलेट आणि चीज घातलेले छोटे फुगीर पाव. मग चर्च, रंगीत काचांवर ऊन असतानाच. मग चांभारगल्ली उतरून तटावर. सोलेनला चढ सोसत नाही, म्हणून कुठे टेकता येईल तेही बघून ठेवलं. वाटेत, ही बघ, इथे पूर्वी कातडी धुवायचे, असं मोठ्याने म्हणूनही पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. बोलायला मात्र बरं वाटलं.

फिर्मां म्हणजे कॅफेचा मालक, मिशाळ आणि थट्टेखोर माणूस. मी समोरची खुर्ची ओढून तिच्यावर बसून बाहेरचं काय दिसतं ते बघत होते, तर म्हणाला, मादाम, मुलगी येणार आहे की राष्ट्राध्यक्ष? पुष्कळ दिवसांनी कुणीतरी माझी थट्टा केली.

१९ ऑक्टोबर

पुन्हा त्याच वाटेने गेले. गरज नव्हती. घरी बसून तरी काय करणार?

फिर्मांने न सांगता दोन कप आणले. एकच पुरे म्हणाले, तर म्हणाला, दुसरा तुमच्याबरोबरच्या बाईंचा, त्या हात धुवायला गेल्यात ना. त्याची थट्टाच असणार. मी हसले आणि दोन्ही कप प्यायले.

२३ ऑक्टोबर

पावाच्या दुकानातल्या बाईने दोन गोड पाव बांधून दिले. कालचे तुमच्या बहिणीला फार आवडले, म्हणून आजही ठेवलेत, असं म्हणाली. काल मी दुकानात गेलेच नव्हते. मला बहीण नाही. दिसायला कशी होती ती, असं विचारलं.

अगदी तुमच्यासारखी, म्हणाली. फक्त जरा हसरी.

२६ ऑक्टोबर

दुपारी सोलेनचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. सकाळी आपण किती हसलो गं, आई, म्हणाली, बाबांची ती होडी उलटण्याची गोष्ट तू अजून तशीच सांगतेस.

सकाळी मी फोन केला नव्हता.

हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण माझ्याशी इतकं मोकळं ती कधी बोलली ते मला आठवेना. मी म्हणाले, हो गं, खरंच खूप हसलो.

२९ ऑक्टोबर

फिर्मां आला तो थेट समोरच्या खुर्चीकडे बघत. मुलीसाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवतो, मादाम, असं त्या खुर्चीला म्हणाला. एकच कप आणला आणि तिकडे ठेवला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी कप ओढून घेतला. चॉकलेट संपलेलं होतं, कप अजून गरम होता. काठावर लालीचा डाग.

मी लाली लावत नाही.

३१ ऑक्टोबर

पावाच्या दुकानात तीन वेळा नमस्कार म्हणाले. माझ्या मागचा माणूस पुढे झाला आणि त्याने आपले पाव घेतले. मी कोपर लावलं तर खांदा चोळत दाराकडे बघू लागला, वारा लागल्यासारखा.

घरी येऊन सोलेनला फोन लावला. येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मी ओरडत होते. कुणाला तरी म्हणाली, काहीच ऐकू येत नाही, आणि ठेवला.

२ नोव्हेंबर

खुंटीवरचा माझा निळा कोट नाही. पाहुण्यांच्या पलंगाची चादर चुरगळलेली — उशीला खळगा — हात लावला तर ऊब होती.

आज दिवसभर कुणाशी — नाही. कुणाशीच नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

बस वेळेवर आली. सोलेनने केस कापलेत. मी धावले, हात पसरले — ती माझ्या अंगावरून पुढे गेली आणि निळ्या कोटातल्या बाईच्या गळ्यात पडली.

तिला मी पाठमोरीच बघितलं. माझीच चाल. पण ताठ.

त्यांच्या मागे मागे हिंडले. कॅफे मागे ठेवून आधी चर्च, काचांवर ऊन असतानाच. चांभारगल्लीत ती म्हणाली, ही बघ, इथे पूर्वी कातडी धुवायचे. माझे शब्द — माझ्याच आवाजात. सोलेन हसत होती. तटावर सोलेनला धाप लागली, तर त्या बाईने तिला मी हेरलेल्या बाकावर बसवलं. मी सोलेनची बाही धरली. कोळिष्टक लागावं तशी तिने ती झटकली.

आता कॅफेत, त्यांच्या आधी येऊन बसलेय. खिडकीजवळ. तिसरी खुर्ची ओढून घेतली. इथून हलणार नाही. कधीतरी तिला दिसेनच, आईच आहे मी तिची —

आल्या. फिर्मां कोट घेतोय. समोर बसल्या.

आता चेहरा दिसतोय. मी इतकी आनंदी कधी —

सोलेन इकडे बघतेय. थेट माझ्याकडे. सोलेन, मी —

विचारतेय, इथे कुणी बसलंय का.

तिची आई म्हणाली, नाही गं, रिकामीच आहे, ठेव.

सोलेनने बॅग उचलली आणि माझ्या —