भिंतीचा वाक

४ फेब्रुवारी २००२, परळी
नोकरी लागली! चौसाळ्यात दादांना वाटतंय पोरगं कॉलेज अर्धवट सोडून वाया गेलं. बघा म्हणावं. रेवणप्पाकाकांच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आलाय आणि तो चालवणारा मी एकटा. झोपायलाही इथंच. खोली चिंचोळी, मागची भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आलेली, खिडकीत रोज वीजकेंद्राच्या राखेचा थर. पण समोरच कॉलेजातल्या ईश्वरीचं घर! बीडला तिच्यावरून मारामारी केली, प्रिन्सिपॉल साहेबांशी भांडून कॉलेज सोडलं. ती सुट्टीला इथंच येणार. अजून काय पाहिजे?

९ फेब्रुवारी
काकांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून कॅमेऱ्याचं भिंग आणलंय, लई रुंद. एवढ्याशा खोलीत अख्खं खानदान मावतं. फक्त फोटोत भिंती धनुष्यासारख्या वाकतात. मी म्हणालो, कॉम्प्युटरवर जाळी टाकून ओढतो, सरळ होतील. काका भडकले. भिंत वाकडीच राहू द्यायची म्हणे. कावून, ते सांगेनात. मग मला ठेवलंय कशाला, पंखा पुसायला?

१२ फेब्रुवारी
भगवानरावांच्या घरचा फोटो. काका बाहेर गेलते, मी भिंत सरळ केली. कडेला उभ्या छबुबाईंचा गाल जरा ताणला गेला, पण भिंत कशी, ओळंब्यात! भगवानराव खूश. काकांना सांगितलं न्हाई.

१७ फेब्रुवारी
ती आली! तिच्या रुद्राणीताईचं लग्न झालंय, सासरी जायच्या आधी सगळ्या घराचा फोटो हवा होता. ईश्वरी अगदी कडेला उभी. मधे ये म्हणालो तर सगळ्यांपुढं म्हणाली, "फोटोग्राफर तू का काका?" सगळे हसले. सणकच गेली डोक्यात. काका जेवायला गेल्यावर भिंत पट्टीसारखी सरळ केली, पार टोकापर्यंत ओढून. असा फोटो परळीत कुणी पाहिला नसेल. जाताना मात्र हळूच म्हणाली, अजून तसाच हट्टी हायस. दिवसभर तेवढंच ऐकू येतंय.

२० फेब्रुवारी
छबुबाईंचा गाल कानाकडं ओढला गेलाय. डॉक्टर लकवा म्हणाले. भगवानरावांनी फोटो आणून काकांपुढं ठेवला. तोच गाल. तेवढाच ओढलेला.
ते गेल्यावर काकांनी माझी कॉलर धरली. "वाक कुठंतरी जातोच, बे. मी तो या भिंतीवर घेतो. तू माणसात घातलास."
येडे झालात, म्हणालो. मग मागच्या भिंतीच्या पोटाकडं बघितलं.

२१ फेब्रुवारी
छबुबाईंच्या फोटोत जाळी उलटी ओढली. फोटोतली भिंत वाकली. दुपारी निरोप आला, बाई हसल्या, नीट जेवल्या. इकडं मागच्या भिंतीचा गिलावा पडला.
ईश्वरीचा फोटो उघडला आणि लाइट गेली. वीज आमच्या उशाला तयार होते आणि लाइट न्हाई! टेबलावर बुक्की मारली. हात सुजला.

२२ फेब्रुवारी
लाइट न्हाईच. ईश्वरी गच्चीत दिसली. तोंडाला ओढणी. वाऱ्यानं उडाली. एक डोळा कानशिलावर गेलाय. माझ्यामुळं.
काका म्हणतात, तो फोटो लई ओढलायस, एवढा वाक ही भिंत पेलणार न्हाई. उद्या हमाल आणून कॉम्प्युटरचं मशीन बाहेर काढू, भिंत पडली तरी खाली कुणी नको, मगच हात लाव. उद्या! तिनं अजून एक दिवस असं—

२३ फेब्रुवारी, सकाळ
काका हमाल आणायला गेले आणि लाइट आली. पुन्हा जायच्या आत करतो. मशीन गोगलगाय आहे, एकेका ओढीला थांबावं लागतं. तेवढ्यात लिहितोय.

ओढलं. डोळा जरा सरकला. भिंत कुरकुरली.

पुन्हा. दार उघडून ठेवायला हवं होतं. चौकट वाकलीये, कडी हलत न्हाई.

ती गच्चीत आलीये. गाल चाचपतेय. ओढणी काढली—

टेबल पोटाला लागलंय. मागून वीट पाठीला. काका बाहेर, दार बडवतायत. सोड बे, वाक परत तिच्याकडं जाऊ दे, जीव वाचव—

परत तिच्याकडं? न्हाई.

भुवई तेवढी राहिली. हात पुरतोय अजून. ती इकडंच बघतेय, दोन्ही डोळ्यांनी, ईश्वरी, एवढी शेवटची ओढ आणि मग