माझ्या छातीवरचे सात धडे

सोमवार, २ तारीख

पोहोचलो. खोली वर्गाच्या बरोबर वर आहे, जिन्याला तेरा पायऱ्या. मोजल्या, कारण जिना चढलो की धडधडतं आणि कितव्या पायरीला धडधडलं ते लिहायचा मला हुकूम आहे. हृदयाच्या डॉक्टरांचाच. त्रास झाला की वेळ लिही, काय करत होतास ते लिही, कसं वाटलं ते लिही. चौदा महिन्यांत तीन वह्या भरल्या. ही चौथी.

आज तेराव्या पायरीलाही काही नाही. सुरुवात तर झकास झाली!

वय सव्वीस. ईसीजी नऊ वेळा, इको दोनदा, चोवीस तास छातीला डबी बांधून एकदा. सगळं स्वच्छ. या शब्दाचा मला आता राग येतो. छातीत मासा उलटतो, डाव्या काखेखाली कळ येते, आणि कागद म्हणतो, स्वच्छ. मी भिंगं घासायच्या कारखान्यात होतो. केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळायचा. तीनदा काम टाकून इस्पितळात पळालो, तेव्हा मालक म्हणाले, बाबा रे, आधी तू बरा हो. आई म्हणते, मन रमव. भावोजी म्हणतात, लग्न करून टाका, एकतर धडधड थांबेल नाहीतर कायमची लागेल. खोटारडा कुणी म्हणत नाही. खरंही कुणी धरत नाही.

म्हणून ही नोकरी. नर्सिंगच्या शाळेत अकरा विद्यार्थी माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून शिकणार, मी फक्त पडून राहायचं. झोपायचा पगार म्हणून ताई किती हसली!

सर साठीचे. खडू खाली ठेवला की बोटं रुमालाला पुसतात, एकेक करून. अक्षर छापल्यासारखं. भिंतीवर सात धड्यांचा तक्ता आहे, पण तिसऱ्यापुढचा भाग लोखंडी कपाटामागे गेलाय. आज त्यांनी माझे ठोके रेकॉर्ड करून घेतले. तू गैरहजर राहिलास तर वर्ग अडायला नको, म्हणाले. मी सहज बोलून गेलो की सर, तुमच्या मुलांना माझ्यात काहीतरी सापडू दे एकदाचं. ते म्हणाले, सापडेल की.

गुरुवार, ५ तारीख

धडा पहिला, निरोगी ठोके. सरांची पद्धत उलटी आहे. उत्तर आधी फळ्यावर लिहितात, मग ऐकायला लावतात. काय ऐकायचं ते ठाऊक असल्याशिवाय कान ऐकत नाही, हे त्यांचं म्हणणं. फळ्यावर होतं: नियमित, मिनिटाला बहात्तर. अकराही जणांनी ऐकून तेच लिहिलं. मला पडल्यापडल्या वही चालवायची मुभा आहे. हात हलला तरी छाती हलत नाही, असं सर म्हणाले.

एक मुलगी डावरी. सगळे पलंगाच्या उजवीकडे उभे राहतात, ती डावीकडे गेली म्हणून सरांनी झापलं. इतर तिला डावरीच म्हणतात. ही तिची दुसरी खेप. यंदा नापास झाली तर घरचे शिक्षण बंद करणार, हे तिनेच हसत सांगितलं. वर म्हणाली, तुमचं बरंय, पडून राहिलं की पास.

११.१० पासून आता संध्याकाळी सहापर्यंत एकदाही मासा उलटला नाही. नाडी बहात्तर. चार वेळा मोजली. जिना धावत चढलो, तरी बहात्तर. चौदा महिन्यांत असा दिवस नाही.

सोमवार, ९ तारीख

धडा दुसरा, जादा ठोका. फळ्यावर: दर तिसऱ्या ठोक्यानंतर एक जादा. अकराही जणांना ऐकू आला! मागच्या बाकावरचा जाडसर मुलगा म्हणाला, आयला, खरंच की. मला रडू आलं. आईला फोन केला की सापडलं, अकरा माणसांना सापडलं. तिने जेवलास का म्हणून विचारलं.

एक नोंद मात्र खटकते. अकरा वाजता मी नाडी मोजली होती, तेव्हा स्वच्छ होती. जादा ठोका ११.१० ला सुरू झाला, अकराव्या मुलाने लिहून पेन उचललं तेव्हा.

गुरुवार, १२ तारीख

धडा तिसरा, वेगवान ठोके. फळ्यावर: एकशे साठ. ११.१० ला शेवटचं पेन उचललं गेलं. तेव्हापासून एकशे साठ. पडून राहिलो, उभा राहिलो, गार पाणी प्यायलो. एकशे साठ, आणि प्रत्येक तिसऱ्यानंतर एक जादा. मागचा धडा पुसला जात नाही. नवा त्याच्यावर चढतो.

शुक्रवार, १३ तारीख

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. तारा लावल्या, छातीवर त्यांनी स्वतः कान दिला. कागदावर बहात्तर, स्वच्छ. मी त्यांचा हात धरून माझ्या मनगटावर ठेवला. त्यांनी मोजलं आणि फार प्रेमाने विचारलं, हल्ली झोप लागते का.

परत येऊन सरांना विनवलं की पहिला धडा पुन्हा घ्या. सर म्हणाले, अभ्यासक्रम मागे जात नाही. मग आठवण करून दिली की मीच म्हणालो होतो, काहीतरी सापडू दे.

शनिवार, १४ तारीख

झाडायला येणाऱ्या मावशींना हाताशी धरून कपाट सरकवलं. चौथा, अनियमित ठोके. पाचवा, छातीतली कळ. सहावा, क्षीण ठोके. सातवा — ठोके थांबल्याची खात्री करणे.

दर वर्षी नवा माणूस येतो का, म्हणून मावशींना विचारलं. येतो, म्हणाल्या. जातो कुठे, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. सामान मात्र त्याच बांधतात.

दुपारची बस आहे. जातोय.

सोमवार, १६ तारीख

ताईकडे आलोय. बसला पाच तास लागले, इतका लांब आहे. सकाळी भाचीच्या वेणीला रिबीन बांधत होतो. ११.१० ला छातीतली लय तुटली. दोन ठोके, रिकामं, पाच, रिकामं, एक. रिबीन हातातून सुटली. भाची म्हणाली, मामा, ओढू नकोस ना.

माझ्याशिवायच धडा झाला. माझं रेकॉर्डिंग लावून.

ताईने इस्पितळात नेलं. स्वच्छ. भावोजींनी या वेळी विनोद केला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

इथे राहिलो तरी गुरुवार येणारच. तिथे निदान अकरा माणसं आहेत, हातापाया पडता येईल.

मंगळवार, १७ तारीख

परतलो. जिना चढताना तीनदा बसलो. वर्गात शिरून रेकॉर्डिंग पुसलं. सर दारात उभे होते, अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, मुलांच्या फोनवर आहे ते.

गुरुवार, १९ तारीख

पाचवा. ११.१० पासून कळ. डाव्या काखेखालून हनुवटीपर्यंत. फळ्यावर होती तशीच, तेवढीच.

पण ११.१४ ला ढिली पडली! नाडीही खाली आली. पाहिलं तर डावरीने तिचं पान खोडून लिहिलं होतं, निरोगी. हट्टाने. माझ्याकडे बघत. सरांनी ११.१९ ला लाल पेनने काट मारली, शून्य दिलं, पुन्हा लिहायला लावलं. कळ परत आली.

पाच मिनिटं. एका माणसाने खरं लिहिलं तर पाच मिनिटं. अकरा जणांनी लिहिलं तर —

शनिवार, २१ तारीख

डावरी सगळ्यांशी बोलली. जाडसर मुलगा तयार. अजून तिघं. बाकीचे म्हणतात, मार्क कोण देणार, तुझा काका? एकूण मार्कांतले निम्मे सातव्या धड्याचे असतात.

मी एकेकाला भेटलो. बोलताना धाप लागते. एक म्हणाला, पण दादा, आम्हाला खरंच तसंच ऐकू येतं हो.

सोमवार, २३ तारीख

सहावा झाला. क्षीण. नाडी बोटाला लागत नाही. माझं बोट, ज्याला केसाचा फरक कळायचा.

आईचा फोन. आवाज का असा येतोय. म्हणालो, रेंज नाही.

बुधवार, २५ तारीख

पेन जड. अकराही जण हो म्हणालेत. डावरी खोलीत येऊन सांगून गेली — ठोके ऐकू येतात, असं लिहिणार. सगळे. शपथ घेतली म्हणे.

तेरा पायऱ्या उतरायच्यात फक्त.

गुरुवार, २६ तारीख

पलंगावर. १०.५८. सर खडू घेऊन —

फळ्यावर: ठोके नाहीत. वेळ, आणि पुढे रिकामी रेघ. वेळ ज्याने त्याने घड्याळ पाहून भरायची. प्रत्येकाने पूर्ण मिनिटभर ऐकायचं.

जाडसर मुलाने लिहिलं, ऐकू येतात. छाती उघडली! हवा आली. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही.

चौथी फळ्याकडे बघते. फळ्याचंच लिहिलं.

पाचवा. फळ्याचंच. सहावा. पाय गार.

सर फिरतायत. लाल पेन. जाडसर खोडतोय. खाली मान. दुसराही —

नऊ. दहा.

११.०९. डावरी उरली. पलंगाच्या डावीकडे. आज झापलं नाही सरांनी. कान लावून आहे. मिनिट कधीच झालं. ती ऐकते आहे तोवर मी —

सर तिच्यामागे. म्हणाले, पोरी, घरी काय सांगशील?

डोळे माझ्याकडे. पाणी. ऐकू येतंय तिला. मला माहीत आहे, तिला ऐकू —

घड्याळाकडे पाहिलं तिने. ११.१०. डावा हात वहीवर. लिहि