अजितदादास, मी हयात असल्याबद्दल

लालबाग, मुंबई
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप अजितदादास,

प्रफुल्लचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार करणारा हाडामांसाचा आहे. उभा असशील तर आधी बस आणि मग पुढे वाच.)

इकडे सर्व कुशल. हे वाक्य आपण आजवर प्रत्येक पत्रात सवयीने लिहीत आलो, या वेळी मात्र ते शब्दशः घ्यावं. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, शेजारच्या शेवंतीकाकूंचा खोकला आहे आणि मीही आहे. तुझी तब्येत कशी आहे? गावच्या घराची कौलं परतून झाली का? वहिनी औषधं वेळेवर घेतात ना? दिवाळीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस आणि गावी रेंजसाठी तुला देवळामागचा कातळाचा सडा चढावा लागतो, म्हणून हे पत्र. शिवाय दुसऱ्या कुणाच्या फोनवरून अचानक माझा आवाज ऐकलास तर तू त्या सड्यावरून खाली येशील, हीही काळजी होती.

आपलं भांडण कशावरून झालं हे तुला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाकूरद्वारच्या तुझ्या छापखान्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसून आपण दोघा मावसभावांनी ‘पाटी’ तयार केली. मोबाइलवर मराठी टाइप करायचा कीबोर्ड. कुणीही फुकट घ्यावा, आतला सगळा सांगाडा उघडून बघावा, पटेल तसा बदलावा आणि पुढे वाटावा. अशा मोकळ्या वस्तूची बातमी मात्र आपण द्यायचो ती इंटरनेटवरच्या त्या बड्या ठिकाणी. (नाव लिहीत नाही. आपल्या गिरणीच्या जागी जे उभं राहिलं त्यावरून मी त्याला मॉल म्हणतो, हे तुला माहीत आहेच.) ‘पाटी’त मालवणी शब्द आले हे आपण लिहायचो, आणि मॉल ते मोजून चाळीस माणसांना दाखवायचा. त्यातल्या निम्म्यांना खाली केसांच्या तेलाची जाहिरात, उरलेल्यांना वशीकरणवाले बाबा. जास्त लोकांना दाखवायचं तर पैसे भरा. मी म्हटलं, फुकटच्या कीबोर्डची बातमी विकत का द्यायची? आपण तिकडे जाऊ, जिथे कुणी एक मालक नाही, जो तो आपापली जागा चालवतो आणि तरी एकमेकांशी बोलता येतं. म्हणजे चाळच की. आपल्या गॅलरीत उभं राहून समोरच्या चाळीतल्याशी गप्पा माराव्यात तसं. तू म्हणालास, माणसं मॉलमध्ये आहेत, तू रिकाम्या गॅलरीत उभा राहून कुणाशी बोलणार? मी काहीतरी बोललो, तू त्याहून मोठ्याने काहीतरी बोललास, वहिनींनी चकल्यांचा डबा उचलून आत नेला, आणि तेव्हापासून आपला अबोला.

तुझ्याशिवाय मी आणि उन्मेषने (तो खालच्या मजल्यावरचा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सदैव पिवळा टी-शर्ट घालणारा) ती जागा उभी केली. नाव ठेवलं ‘गॅलरी’. तिचा सगळा कारभार आमच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. तिथे जाहिरात नाही, कुणी पाळत ठेवत नाही, सगळं मोकळं. फक्त माळ्यावरची वायर आणि आईचा मिक्सर एकाच प्लगवर आहेत. आईने वाटण लावलं की महाराष्ट्रभर ‘गॅलरी’ बंद. सुरुवातीला लोकांनी तक्रारी केल्या, आता त्यांना सवय झाली आहे. मागे एकदा ‘गॅलरी’ चांगला अर्धा तास बंद राहिली, तर परत सुरू झाल्यावर नाशिकच्या एका बाईंनी विचारलं, आज कोलंबी का? (कोलंबीच होती.) पण दादा, खरं सांगायचं तर तुझं म्हणणं फारसं चुकलेलं नव्हतं. ही मोजकी माणसं सोडली तर कुणी येत नव्हतं. रोज सकाळी मी सुप्रभात म्हणायचो आणि उन्मेष खालच्या मजल्यावरून उत्तर द्यायचा.

उन्मेषचं मत पडलं की आपण एक पाय मॉलमध्ये ठेवला आहे म्हणून हे होतं. निघायचं तर वाजतगाजत निघायचं. आता लालबागच्या चाळीत हे वाक्य बोलावं आणि ते मंडळाच्या कानावर जाऊ नये, हे कसं शक्य आहे? बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत माझा निरोप समारंभ ठरला. अध्यक्षांनी तासभर भाषण केलं (मी बदलापूरला जागा घेतली असा त्यांचा समज होता, तिथल्या पाणीपुरवठ्याबद्दल ते फार कळकळीने बोलले), शाल दिली, श्रीफळ दिलं आणि चंदनाचा हार घातला. तो हार तुला आठवत असेल. मंडळाकडे तो एकच आहे. एरवी तो कैलासवासी शामरावांच्या फोटोवर असतो, कुणाचा सत्कार असला की तेवढ्यापुरता उतरवतात, झटकतात आणि कार्यक्रम संपला की पुन्हा चढवतात. वर्षानुवर्षं चाललेला रिवाज आहे, त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी मान पुढे केली.

उन्मेषने फोटो काढला. ‘गॅलरी’वर जागा कमी म्हणून त्याला हल्ली प्रत्येक फोटो काळा-पांढरा करायची खोड लागली आहे. मागे वाळत घातलेले कपडे दिसत होते म्हणून त्याने नुसता चेहरा आणि हार ठेवला. मला फोटोत हसता येत नाही, हे तू माझ्या मुंजीपासून पाहतो आहेस. तो फोटो आम्ही मॉलमध्ये लावला आणि खाली मी चांगलं पानभर निवेदन लिहिलं: आम्ही कुठे जातो आहोत, का जातो आहोत, तिथे कसं यायचं. आता मॉलची पद्धत अशी की पहिली दोनच वाक्यं दाखवायची, बाकीची दुमडून ठेवायची. माझी पहिली दोन वाक्यं अशी होती: ‘अकरा वर्षं तुम्हा सर्वांच्या प्रेमात काढली. आज तुमचा निरोप घेतो.’ दुमडलेलं कोण उघडतो? लोकांनी हार पाहिला, चेहरा पाहिला आणि हात जोडले.

आणि दादा, ज्या मॉलने आपल्या मालवणी शब्दांना चाळीस माणसं दिली, त्याने माझ्या मरणाला हजारो दिली. अख्खं गिरणगाव, दादर, भायखळा, ज्यांच्याशी माझं शाळेत पटलं नाही तेसुद्धा. जो तो लिहीत होता की माणूस फार मनमिळाऊ होता. (माझ्या विमा कचेरीतल्या साहेबांनीही लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा त्यांनी तो मनमिळाऊपणा लगेच मागे घेतला.) मी खुलासा का केला नाही, असं तू विचारशील. मोह नको म्हणून आम्ही त्या खात्याचा पासवर्ड बदलून टाकला होता. अर्धा उन्मेषने टाइप केला, अर्धा मी, एकमेकांचं न बघता. उन्मेषला त्याचा अर्धा आठवतो. मला माझा आठवत नाही.

मग माणसं घरी यायला लागली. शीव कोळीवाड्याचा निलेश, तोच, ज्याने ‘पाटी’ला माशांची नावं दिली, पांढरे कपडे घालून आला. दार मीच उघडलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पण वाटभर मनाची तयारी करून आलेला माणूस एकदम थांबणार कसा? ‘मावशी आहेत ना घरात?’ असं हळू आवाजात विचारून तो आत आला आणि खाली मान घालून बसला. मी चहा केला. जाताना त्याने माझ्याच खांद्यावर हात ठेवून सांगितलं की मावशींना जप. दुपारी समोरच्या बिऱ्हाडातून पिठलं-भाताचा डबा आला, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. मी परत करणार होतो, पण आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. तिला या सगळ्याचं काडीचंही वाईट वाटलेलं नाही. ‘मरणाची खोटी बातमी इली की आयुष्य वाढता,’ एवढं बोलून ती पिठलं वाढायला बसली. डबे अजून येताहेत. मिक्सर तीन दिवस बंद आहे, त्यामुळे ‘गॅलरी’ मात्र अखंड सुरू आहे.

तू गुरुवारी आईला फोन केलास, हे मला मागाहून कळलं. तेव्हा घरात बायकांचं नेहमीचं भजन चालू होतं. तुला टाळ ऐकू आले, शेवंतीकाकूंचा आवाज ऐकू आला (त्या कुठलाही अभंग रडल्यासारखाच म्हणतात), आणि रेंज गेली. मग तू सड्यावर उभा राहून मॉलमध्ये ते लिहिलंस. काकूंनी तो मजकूर त्यांच्या फोनवरून गॅलरीत, म्हणजे खऱ्या गॅलरीत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. तू लिहिलंस की प्रफुल्ल हट्टी होता, तिरसट होता, चहात साखर जास्त घालायचा, पण ‘पाटी’ त्याच्यामुळे झाली. लिहिलंस की त्याचं म्हणणं बरोबर होतं, मीच मागे राहिलो. आणि शेवटी, एकदा तरी बोलायला हवं होतं. मी कठड्याला धरून उभा होतो आणि मला रडू आवरेना. समोरच्या चाळीतली माणसं बघत होती की ज्याच्यावर लिहिलंय तोच रडतोय. दादा, माझ्याबद्दल इतकं चांगलं तू कधी बोलला नाहीस. मीही तुझ्याबद्दल बोललो नाही. तुझ्यासारखा जोडाक्षरं जाणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हे मी जिवंतपणी लिहून देतो.

तर एवढ्यासाठी हे पत्र. मॉलचा नाद सोडलास तर बरंच, नाही सोडलास तरी माझं काही म्हणणं नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. (आता माझ्या आशीर्वादाला जास्त वजन आलं असावं.)

तुझा, अजून इथेच असलेला,
प्रफुल्ल

ता. क. तुझ्या त्या लेखाखाली तू माझी शेवटची इच्छा म्हणून ‘गॅलरी’चा पत्ता दिला आहेस. तेव्हापासून रोज इतकी माणसं येताहेत की उन्मेषला पिवळा टी-शर्ट धुवायला वेळ मिळत नाही. सगळे येऊन आधी हळहळतात आणि मग ‘पाटी’ उतरवून घेतात. मी स्वतः त्यांचं स्वागत करतो, पण उन्मेषच्या नावाने. तेव्हा मी हयात असल्याचा खुलासा तूच मॉलमध्ये करायचा आहेस. तिथे आता आमचं म्हणून तूच आहेस. फक्त जरा सवडीने कर. पुढच्या आठवड्यात केलास तरी चालेल.

दुसरा ता. क. खुलासा करताना वरचा मजकूर पुसू नकोस. त्यातलं ‘होता’ काढून ‘आहे’ घाल, बाकी सगळं जिवंत माणसालाही शोभण्यासारखं आहे. तिरसट तेवढं काढलंस तर बघ.

तिसरा ता. क. मंडळाला हार परत हवा आहे, तो त्या गडबडीत माझ्याकडेच राहिला. शामरावांचा फोटो बोडका दिसतो म्हणून त्यांच्या घरचे रागावलेत.

चौथा ता. क. खरं तर हेच लिहायला बसलो होतो. माझ्या तेराव्याला येण्यासाठी तू गाडीचं तिकीट काढलंस, असं आईला कुणीतरी सांगितलं. ते रद्द करू नकोस. पांढरे कपडे आणू नकोस. आईने तुझ्यासाठी कोळणीकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या सांगून ठेवल्या आहेत, आणि तेराव्याला तिसऱ्या चालतात का असं शेवंतीकाकूंनी विचारलं तेव्हा आईने सांगितलं की ज्याचं तेरावं आहे त्यालाच विचारा. मला चालतात. वाटण लागेल तेव्हा ‘गॅलरी’ बंद पडेल, म्हणजे चांगला अर्धा तास कुणाचाच निरोप येणार नाही. तेवढ्यात आपण बोलून घेऊ.